झाशीचा किल्ला पडला कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झाशीच्या १८५८ च्या वेढ्याबद्दल एकच गोष्ट फिरून फिरून छापली जाते: फितुराने दरवाजा उघडला, किल्ला पडला, राणीने घोड्यासह तटावरून उडी घेतली. फितुरीचा वाद तूर्त बाजूला ठेवू. हल्ला करून जिंकले गेले ते शहर. किल्ल्यावर चढाई झालीच नाही. ५ एप्रिलला इंग्रज आत शिरले तेव्हा तो रिकामा होता.

हे समजायला तिथली रचना पाहावी लागते. किल्ला कातळावर, भिंती सोळा ते वीस फूट जाड. पश्चिमेला सरळ कडा, उत्तरेला आणि पूर्वेला शहराचा वेढा. उरली दक्षिण बाजू. तिथे किल्ल्यापासून निघालेला शहरकोट एका टेकाडावर संपतो. या टेकाडावर पाच तोफांचा गोल बुरूज होता, भोवती बारा फूट खोल, पंधरा फूट रुंद बांधीव खंदक. किल्ल्याच्या दक्षिण अंगावर चालून येणाऱ्याला इथूनच बाजूने मारता येई. इंग्रज सेनापती ह्यू रोझने नेमके हेच हेरले. २५ मार्चपासून त्याच्या तोफा सुरू झाल्या आणि टेकाडाशेजारच्या तटाला खिंडार पडले. आतल्यांनी मागे लाकडी मेढेकोट उभारला. तो तापवलेल्या लाल गोळ्यांनी जाळण्यात आला. अठरा पौंडी तोफांचा दारूगोळा बेताचाच असल्याने किल्ल्याच्या जाड भिंतींवर तो उधळणे रोझला परवडणारे नव्हते.

राणीची तयारीही कच्ची नव्हती. आसपासचा मुलूख चारा-झाडांसकट उजाड केला होता. पण ओरछा आणि शिंदे दरबारकडून रोझला रसद मिळत गेली, आणि हा डाव वाया गेला.

खरा घाव बसला १ एप्रिलला. सुमारे वीस हजारांची फौज घेऊन तात्या टोपे बेतवा ओलांडून आले. रोझने वेढा न उठवता दीड हजारांच्या आसपास माणसे काढून त्यांना गाठले. तात्यांची पहिली फळी मोडली, दुसरी इतकी मागे होती की वेळेवर पोचलीच नाही. बाहेरून येणारी मदत संपली.

३ तारखेचा हल्लाही सरळ गेला नाही. शहरकोटाची उंची अठरापासून तीस फुटांपर्यंत बदलते, त्यामुळे काही शिड्या आखूड पडल्या, काही वजनाने मोडल्या. खिंडारातून शिरलेली तुकडी आतून येऊन मिळाली तेव्हा कुठे शिड्यांवरच्यांची सुटका झाली. पुढे शहरातला वाडा पडला तो खोलीखोलीत लढून. तबेल्यातले राणीचे रक्षक शेवटपर्यंत हटले नाहीत.

शहर गेल्यावर किल्ल्याच्या उत्तर आणि पूर्व बाजूंचा आडोसाच गेला. ४ एप्रिलच्या रात्री दामोदररावांना घेऊन, स्वार आणि विलायती (म्हणजे अफगाण) शिबंदीसह राणी बाहेर पडल्या. सकाळी त्या एकवीस मैलांवरच्या भांडेरला होत्या. एवढ्या उंचीवरून स्वारासकट उडी टाकलेला घोडा त्याच रात्री एकवीस मैल दौडतो, हे घोडा पाळणाऱ्याला विचारून पाहावे. पाठलागावर आलेल्या इंग्रज अधिकारी डाउकरला भांडेरात अर्धवट टाकलेली न्याहारी दिसली. तो स्वतः तिथे जखमी झाला आणि राणी काल्पीला निसटल्या.

आपला,
एक वाचक, पुणे