अर्ध्या वितीची नर्तकी आणि भिंतभर पडदे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिल्लीत नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या जुन्या सरकारी इमारतींमध्ये नवीन राष्ट्रीय संग्रहालय होणार त्याबद्दल तुमच्या पेपरात वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते. 'युगे युगीन भारत' असं नाव आहे, ९५० खोल्या, १ लाख १७ हजार चौरस मीटर जागा, आठ विषय आणि पाच हजार वर्षांचा इतिहास. २०२३ च्या मे महिन्यात त्याची व्हर्च्युअल सफर दाखवली होती ती मी फोनवर बघितलीय. भारी आहे, त्यात वादच नाही. पण बघता बघता जरा धास्तीच बसली की आता इथेही सगळं भिंतभर पडदे आणि जमिनीवर लाइट असंच होणार की काय. आणि ही धास्ती उगाच नाहीये, अनुभवाची आहे.

झालं असं की मागे आम्ही एका इतिहासाच्या नव्या संग्रहालयात गेलो होतो, नाव लिहीत नाही कारण हे एकाच ठिकाणचं दुखणं नाहीये. सोबत सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, वय ऐंशी, आणि सहावीतली मुलगी. पहिल्याच दालनात मिट्ट काळोख आणि पायाखाली समुद्र, म्हणजे प्रोजेक्टरने टाकलेला, लाटा सरकतायत, पाय पडला की पाणी उडाल्यासारखं दिसतं. पोरं नुसती धावत सुटली. नानांनी आपोआप पँटचे पाय वर धरले आणि मग स्वतःच हसले, पण पुढच्या मिनिटाला भिंत चाचपडायला लागले कारण जमीनच हलतेय म्हटल्यावर त्यांना चक्कर यायला लागली. बसायला काही नाही. पुढच्या दालनात लढाई, त्याच्या पुढच्यात भाषण, त्याच्या पुढच्यात कुणीतरी अंगाई गातंय, आणि मध्ये भिंती पार वरपर्यंत गेलेल्याच नाहीत त्यामुळे तोफा, भाषण आणि अंगाई सगळं एकत्र कानात. त्या डोळ्यावर लावायच्या हेडसेटमध्ये नानांचा चष्मा मावेना आणि चष्मा काढला तर दिसेना. एका दालनाला तर दोरी बांधून कागद चिकटवला होता, तांत्रिक कारणामुळे बंद.

आणि सगळ्यात जास्त काय खुपलं सांगू का. एका काचेच्या कपाटात तलवार होती, खरी. मी मुद्दाम थांबले, तर समोरच्या भिंतीवर सिनेमा चालू आणि त्याचं सगळं प्रतिबिंब काचेवर, त्यामुळे तलवारीवरून घोडे धावतायत आणि तलवार काही दिसतच नाही. मान वाकडी करून बघितलं, हाताचा आडोसा करून बघितलं, शेवटी पडदा काळा झाला तेव्हा चार सेकंद मूठ दिसली आणि परत घोडे. बाहेर आल्यावर मुलीला विचारलं काय आवडलं, म्हणाली "लाइट". दुसरं काय, तर म्हणाली "समुद्र". तलवार होती हे तिला माहितीच नव्हतं.

आता दुसरी बाजू. त्यानंतर काही महिन्यांनी दिल्लीला जाणं झालं आणि जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय बघितलं (सोमवारी बंद असतं, आम्ही नेमके सोमवारीच गेलो आणि मंगळवारी परत गेलो, असो). हे संग्रहालय कसं सुरू झालं तेही मजेशीर आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांतून वस्तू मागवल्या होत्या. त्या परत आल्यावर दिल्लीत राष्ट्रपती भवनात मांडल्या आणि मग ठरलं की आता या इथेच राहूदेत, आणि १५ ऑगस्ट १९४९ ला तिथेच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. आत्ताच्या इमारतीत ते १९६० च्या डिसेंबरमध्ये आलं. म्हणजे थोडक्यात उसन्या आणलेल्या सामानावर संसार थाटला.

तर तिथे हडप्पा दालनात मोहेंजोदडोची ती नर्तकी आहे, धातूची मूर्ती. इतिहासाच्या पुस्तकात तिचा फोटो बघूनच आपण सगळे मोठे झालो आणि पुस्तकात ती चांगली ऐसपैस असते, त्यामुळे माझ्या मनात ती निदान हातभर तरी होती. मुलगी काचेपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आई, एवढीशीच?" साडेदहा सेंटिमीटर! अर्धी वीतसुद्धा नाही. आणि त्या एवढ्याशा अंगात काय तो रुबाब, उजवा हात कमरेवर, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, तुमची काही पडलेलीच नाही असं. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आणि उजव्या हातात चारच. मुलगी काचेला बोट लावून मोजायला लागली तर तिथले सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "बेटा, काच पे हाथ नहीं." मग हात मागे बांधून मोजल्या, तीनदा चुकली. मेणाची आकृती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भाजून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही पद्धत मी तिला सांगितली, तर म्हणाली मग प्रत्येक बांगडी आधी मेणाची केली असणार ना. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने फूटपट्टी घेऊन वहीत साडेदहा सेंटिमीटरची उभी रेघ मारली आणि त्यात ती बसवली. हे कुठल्याही पडद्याने झालं नसतं, कारण पडद्यावर ती बारा फुटी झाली असती आणि पोरीला वाटलं असतं मोठा पुतळा आहे. प्रोजेक्टर सगळ्यात आधी वस्तूचं माप खातो. नाणं आणि किल्ला, दोन्ही एकाच भिंतीएवढे.

आता कुणी म्हणेल ही बाई टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहे, तसं अजिबात नाहीये. लाल किल्ल्यात २०१९ च्या २३ जानेवारीला नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय सुरू झालं, तिथे नेताजींनी वापरलेली लाकडी खुर्ची आणि तलवार आहे. नुसती खुर्ची ठेवली असती तर पोरं बघून पुढे गेली असती, खुर्ची म्हणजे खुर्ची. पण सोबत फिल्म आहे, फोटो आहेत, आणि मुख्य म्हणजे आझाद हिंद सेनेचे अधिकारी सहगल, धिल्लाँ आणि शाहनवाज खान यांच्यावरचा खटला याच किल्ल्यात ५ नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला हे कळल्यावर एकदम पायाखालची जागा वेगळी वाटायला लागते. नानांचा जन्म त्याच वर्षीचा, ते बराच वेळ तिथे थांबले. ही फिल्म मला हवीच आहे, कारण तिने खुर्चीला बोलतं केलं.

तसंच तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, २०२२ च्या १४ एप्रिलला उघडलं. होलोग्राम, टचस्क्रीन, हव्या त्या पंतप्रधानांसोबत फोटो, मुलगी तिथून हलायला तयार नव्हती आणि का हलावं तिने, मजाच आहे ती. पण नाना जुन्या इमारतीत होते. हा बंगला इंग्रजांच्या सरसेनापतीसाठी बांधलेला आणि १९४८ पासून १९६४ ला वारले तोपर्यंत नेहरू तिथे राहिले, त्यांची निजायची आणि अभ्यासाची खोली होती तशी ठेवलीय. काचेपलीकडे पलंग, टेबल, पुस्तकं. आवाज नाही, काही हलत नाही. मी शोधत गेले तेव्हा नाना म्हणाले, "सूनबाई, किती साधा पलंग बघ." आजूबाजूला सगळं फिरवून दाखवण्याला इंग्रजीत जो शब्द आहे ना, इमर्सिव्ह, तो माझ्या मते खरा त्या खोलीला लागू पडतो. पुण्यात केळकर संग्रहालयात मस्तानी महाल बघितलाय का तुम्ही? कोथरूडहून एकेक लाकूड आणून परत उभा केलेला, आत गेलं की आपोआप आवाज खाली येतो. तिथे कसला आलाय प्रोजेक्टर.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुनी चित्रं, कापड, पोथ्या अंधारात ठेवतात त्यावर आपण लोक कुरकुरतो, मीही करायचे. पण त्या वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, नाहीतर रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. तो अंधार वस्तूसाठी आहे, तो चालेल. माझी तक्रार सिनेमासाठी केलेल्या अंधाराबद्दल आहे, ज्यात वस्तू बिचारी कोपऱ्यात.

आणि खर्चाचंही बोला कुणीतरी. लेझर प्रोजेक्टर चांगला असला तर वीस हजार तास चालतो म्हणतात, रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर आठेक वर्षं. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर तर त्याच्याही आधी म्हातारं होतं. ९५० खोल्यांमधल्या किती खोल्यांवर दर आठ वर्षांनी हा खर्च परत करणार आणि नाही केला तर किती दारांना दोरी बांधून कागद लावणार, हे उद्घाटनाच्या आधी ठरवा.

पडदा लावायचाच असेल तर कुठे लावायचा ते मी सांगते. फाळणीच्या वेळी टेबलं-खुर्च्यांसारख्या मोहेंजोदडोच्या वस्तूही वाटल्या गेल्या, आणि तिथे सापडलेला एक सोन्यामण्यांचा हार अक्षरशः उसवून अर्धा इकडे अर्धा तिकडे केला. नर्तकी आपल्याकडे राहिली आणि तो दाढीवाल्या पुरोहित राजाचा पुतळा पाकिस्तानकडे. आपल्याकडचा अर्धा हार काचेत ठेवा, चांगल्या उजेडात, आणि त्याच्या शेजारी तुमच्या त्या भारी लाइटने उरलेला अर्धा हार दाखवा, अगदी त्याच मापात, एकही मणी मोठा न करता. जे आपल्याकडे नाहीच ते दाखवायला प्रोजेक्टर, इतकं सोपं आहे. सहावीतल्या पोराला फाळणी म्हणजे काय ते तिथे अर्ध्या मिनिटात कळेल.

बाकी मागण्या किरकोळ आहेत. प्रत्येक दोन दालनांमागे बसायला बाक, पाठ टेकता येईल असा. जमीन हलवणार असाल तर बाजूने एक साधी वाट. राष्ट्रीय म्हणताय तर मजकूर आणि आवाज हिंदी-इंग्रजीच्या पलीकडेही, नानांना मराठीत ऐकायला आवडेल. दालनांच्या भिंती छतापर्यंत. आणि नर्तकीला नव्या इमारतीत नेलीत तर तिला एक लहानशी खोली द्या, कोरी, आवाज नसलेली, काचेवर कसलंही प्रतिबिंब नसलेली. नानांचे गुडघे तोवर साथ देतील तर त्यांना मी परत घेऊन जाणार आहे, आणि मुलगी म्हणतेय की डाव्या हातातल्या बांगड्या नक्की किती ते अजून ठरायचंय.

आपली,
एक नियमित वाचक