नाईक हे आडनाव नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२६ जुलैला आमच्या तालुक्याच्या गावी कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम झाला. त्याची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली आहे, मथळा ‘उत्साहात संपन्न’. बातमी खोटी नाही. उत्साह होताच. मी त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि जे बातमीत आलं नाही तेवढं लिहितो आहे. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून २००३ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. पलटणीत बिगुलर होतो.

पत्रिकेवर वेळ सकाळी दहाची होती. पाऊस असल्यामुळे कार्यक्रम मैदानाऐवजी मंगल कार्यालयात घेतला. तालुक्यातल्या वीरमाता, वीरपत्नींना साडेनऊलाच जीपमधून आणून पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. प्रमुख पाहुणे आले पाऊण वाजता. त्या सव्वातीन तासांत सोफ्यावरच्या एका मावशींना (वय पंच्याहत्तरच्या पुढे, शुगर आहे) तीन वेळा साखरेचा चहा पुढे केला गेला आणि तीन वेळा त्यांनी तो नको म्हणून परत दिला. शेवटी मी समोरच्या टपरीवरून बिनसाखरेचा करून आणला. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे परातीएवढे आणि जवान खाली कोपऱ्यात, तेही आपले नव्हेत. वर्दीवरून कळत होतं, नेटवरून कुठल्या तरी परदेशी फौजेचे उचललेले. हे सगळं मी दरवर्षी बघतो. एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं.

पत्र लिहितोय ते नावासाठी. त्या मावशींचा मुलगा माझ्याच पलटणीत होता, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. सत्काराच्या यादीत त्याच्या नावाआधी ‘नाईक’ असं लिहिलेलं होतं. फौजेत शिपाई, मग लान्सनाईक, मग नाईक. दोन फितींची ती रँक. सूत्रसंचालकांना वाटलं हे आडनाव. त्यांनी खरं आडनाव गाळून ते शेवटी नेलं. वर, गावाकडे सुट्टीवर आलेल्या कुठल्याही फौजीला म्हणतात तसं, पुढे ‘मेजर’ लावलं. आणि ‘कारगिलच्या रणांगणात देह ठेवणारे’ असंही म्हणून टाकलं. पोरगा २००१ सालच्या सप्टेंबरात काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या जंगलात चकमकीत गेला. कारगिलची लढाई संपून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

नाव पुकारलं तरी मावशी उठल्या नाहीत. टाळ्या चालू होत्या. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं, ‘‘मावशी, तुमचंच.’’ तेव्हा उठल्या, शाल-श्रीफळ, साडी घेतली, फोटो झाला. खाली आल्यावर मला विचारतात, ‘‘दादा, ते नायकाचं कोन रं? त्येची आई न्हाई का आली?’’

मी काय सांगणार होतो?

मग लास्ट पोस्ट, म्हणजे गेलेल्या जवानासाठी वाजवायची बिगुलाची धून. ती लावली मोबाईलवरून, स्पीकरला जोडून. अर्ध्यावर आली असेल तोच एका कर्जाची जाहिरात सुरू झाली. मुलं हसली. मी मुलांना दोष देत नाही, मलाही त्या वयात हसू आलं असतं. दोन मिनिटं स्तब्धता म्हणून सांगितलं, पण विसाव्या सेकंदाला ‘धन्यवाद, कृपया बसून घ्यावे’ झालं. बिगुलर श्वासावर मोजतो, त्यामुळे हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. पुढच्या मिनिटाला डीजे.

या धुनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती वाजवणारे तालुक्यात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बिगुलाला बटणं नसतात. पाच सूर, आणि तेही नुसत्या ओठांवर काढायचे. लास्ट पोस्ट मुळात शोकाची नाहीच. रात्रीचे पहारे नीट लागले, दिवसाचं काम संपलं, आता विश्रांती घ्या, असा रोजचा इशारा होता तो. गेलेल्या माणसासाठी वाजते तेव्हा अर्थ तोच राहतो: तुझी ड्यूटी संपली. मग ‘शोक शस्त्र’ केलेले जवान, रायफलीचं तोंड जमिनीकडे, मान खाली. मग शांतता. आणि शांततेनंतर राउज, म्हणजे उठण्याची धून. ती मागे राहिलेल्यांसाठी, की उठा, कामाला लागा. या तिन्हींत कुठलीच जागा भाषणाची नाही, हे ज्याने बसवलं त्याला माणसं कळत होती. बेळगावला सेंटरमध्ये शिकताना आमचे उस्ताद म्हणायचे, सूर फाटला तर चालेल, मधली शांतता फाटता कामा नये. थंडीत वर गेलो की बिगुलाचं तोंड ओठाला चिकटायचं. मी ते काढून काखेत धरून ठेवायचो, ऐन वेळी लावायचो. एवढं कशासाठी, तर दीड मिनिटासाठी.

नावाचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. आपल्याकडे लढाईत गेलेल्याची आठवण ठेवायची रीत जुनी आहे, पण नाव ठेवायची नाही. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा त्या वीराला घेऊन चालल्यात, वर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कोण होता ते सहसा कोरलेलं नसतं. पुढे इंग्रजांनी गावोगावी संगमरवरी पाट्या लावल्या: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. आज पोराबाळांना ४६ हा आकडा पाठ आहे. त्यातली चार नावं सांगा म्हटलं तर?

नावाचं काम दिल्लीत नीट झालं आहे. राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. त्यातल्या त्याग चक्रात स्वातंत्र्यानंतर गेलेल्या प्रत्येकाची ग्रॅनाइटची एकेक वीट आहे, रँक आणि नावासह. रोज संध्याकाळी कुठल्या तरी एका जवानाच्या घरचं माणूस तिथे पुष्पचक्र वाहतं. मी दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा या पोराची वीट शोधून मोबाईलवर फोटो काढला आणि मावशींना नेऊन दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, तर काचेवरचा फोटो सरकला आणि माझ्या नातवाचा वाढदिवस आला. ‘‘गेला व्हय?’’ म्हणाल्या. मग मी कागदावर छापून आणून दिला. तो आता देवघरात आहे.

काहीजण म्हणतील, दिवस विजयाचा आहे, तोंड पाडून का बसायचं? बरोबर आहे. तोलोलिंग आणि टायगर हिल ही कारगिलची शिखरं परत घेणं ही साधी गोष्ट नव्हती, त्याचा आनंद करावा. संध्याकाळी करावा, पोवाडे लावावेत, मुलांच्या धावण्याच्या शर्यती घ्याव्यात. मी स्वतः शिट्टी घेऊन उभा राहीन. पण त्या विजयात ५२७ जण गेले आणि सकाळचा एक तास त्यांचा असावा. दहा म्हणजे दहा. पाहुणे आलेले असोत वा नसोत, त्या वेळी बिगुल वाजावा. उशिरा येणाऱ्याने मागे उभं राहावं, पलटणीत कमांडिंग ऑफिसरलाही वेगळा नियम नव्हता. बिगुलर मिळत नाही ही सबब ऐकून घेणार नाही. तालुक्यात मी आहे, आणखी दोघे आहेत, आणि एनसीसीची एक मुलगी चांगली वाजवते. तिला ओठ थोडे घट्ट धरायला सांगितलं आहे.

नावं मात्र शाळेच्या मुलांनी वाचावीत, आणि वाचण्याआधी त्या त्या घरी जाऊन यावं. आईला विचारावं, घरात काय म्हणत होते, कुठे गेला, कोणत्या साली. रँक म्हणजे काय ते आमच्यासारख्याला विचारावं. आमच्याकडे वेळच वेळ आहे. शहीद म्हणायचं की हुतात्मा, यावर भांडू नये. फौजेच्या कागदात यातला कुठलाच शब्द नसतो आणि मावशी म्हणतात ‘पोरगं लढाईत गेलं’.

फ्लेक्सच्या पैशाचंही सुचवतो. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. आमच्या लहानपणी लाल, गडद निळा आणि फिका निळा असा कागदी झेंडा छातीला टाचून घ्यायला मास्तर दहा पैसे आणायला लावत. आता कार्यालयांना उद्दिष्ट दिलं जातं आणि ते पुरं होतं, एवढंच लोकांना माहीत. तो निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा होतो. माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांसाठी तो असतो. परवाच्या फ्लेक्सचे, डीजेचे आणि तीन हारांचे पैसे तिथे भरून पावती व्यासपीठावर दाखवली असती, तर मी पहिल्यांदा टाळी वाजवली असती.

सूत्रसंचालक भला माणूस आहे, माझ्या ओळखीचा. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यांना एवढंच कळवावं, की १४ सप्टेंबरला त्या मुलाची तारीख आहे. दरवर्षी मी त्या दिवशी बिगुल घेऊन मावशींच्या अंगणात जातो. शेजारची चार माणसं येतात, धून होते, मग मावशी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. सकाळी सातची एसटी आहे. त्यांना यायचं असेल तर त्यांच्यासाठी जागा धरून ठेवतो. गाडीत पाऊण तास जातो, तेवढ्यात नाव पाठ होईल.

आपला,
एक माजी बिगुलर
ता. कोरेगाव, जि. सातारा