तबकड्यांच्या मैफलीत आवाज का बिघडतो?

महोदय,

उस्ताद अमीर खाँ यांच्या घराण्याला नाव देणाऱ्या इंदूरमध्ये गाण्याच्या तबकड्या (रेकॉर्ड) वाजवणारे जुन्या थाटाचे बार आणि लाइव्ह संगीताची ठिकाणं रुजावीत, असं मनापासून वाटतं. पण तिथली ध्वनिव्यवस्था बघवत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ज्या लाकडी मंचावर मोठे स्पीकर, त्याच मंचावर रेकॉर्ड प्लेअर. स्पीकरची थरथर सुईत शिरते, अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन परत स्पीकरमध्ये येते आणि हॉलभर खर्जातला घुमारा सुरू होतो. प्लेअर मंचापासून वेगळा, रबरी पायांवर ठेवलेल्या जड दगडी फरशीवर हवा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची, सुई लावूच नये. जुन्या तबकडीची खाच, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती रेघ, बरीच रुंद असते. बारीक सुई तळाशी घासते आणि खरखर वाढते. एलपीच्या सुईचा भार कार्ट्रिजनुसार (सुई धरणाऱ्या भागानुसार), बहुधा दीड ते दोन ग्रॅम. भार कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे: हलकी सुई खाचेत उसळते आणि कडा झिजवते.

गायकाचा माइक स्पीकरच्या मागेच हवा, नाहीतर शिट्टी वाजणारच. वापरात नसलेले माइक बंद ठेवावेत.

रात्री १० नंतर उघड्या गच्चीवर ध्वनिवर्धक लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. बंद हॉलमध्येही खर्ज भिंतीतून शेजाऱ्यांकडे जातो. जाड पडद्यांनी तो अडत नाही, तो मिक्सरवरच कमी करावा लागतो.

— एक ध्वनिसंयोजक, इंदूर