ऐकणारं कुणीतरी हवं

महाल, नागपूर

प्रिय मंगेश,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ब्रिस्टलच्या तुझ्या शेजारणीसोबत तू पहाटे टेकडीवर गेलास, त्या पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणाऱ्या, मंडळींची ड्रुइड प्रार्थना (ड्रुइड म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित) ऐकलीस आणि लिहिलंस, ‘दर वेळी तेच शब्द. पाठ केलेलं म्हणताना मन असतं कुठे?’ आठ दिवस हाच प्रश्न डोक्यात आहे.

आधी त्या प्रार्थनेची बांधणी बघ. रक्षण दे, रक्षणात बळ दे, बळात समज दे, समजेत ज्ञान दे. मागच्या ओळीतला शब्द उचलूनच पुढची ओळ निघते. ती फार जुनी नाही. वेल्सच्या इओलो मॉर्गनुग या कवीने ती १८व्या शतकाच्या अखेरीस प्राचीन म्हणून पुढे आणली. पण ही साखळी आपल्या वैदिकांच्या क्रमपाठाची आठवण देते: अग्निम् ईळे, ईळे पुरोहितम्, पुरोहितं यज्ञस्य. प्रत्येक शब्द दोनदा, एकदा मागच्याच्या हातात हात घालून, एकदा पुढच्याच्या. मधला निसटला तर पाऊलच पडत नाही.

खऱ्या जुन्या ड्रुइडांबद्दल ज्युलिअस सीझरने लिहून ठेवलंय की काहींचं शिक्षण २० वर्षं चाले आणि ते पुष्कळ पद्यं मुखोद्गत करत. इतर व्यवहारात ग्रीक लिपी वापरत, पण ही पद्यं लिहीत नसत. लिहिलं की माणूस अक्षरांवर विसंबतो आणि स्मरण ढिलं पडतं, हे त्यामागचं एक कारण असावं, असं सीझरला वाटलं. मंगेश, गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, त्या पद्यांची एक ओळही आज आपल्याकडे नाही. म्हणणारे गेले तसे ऐकून घेणारेही गेले.

रोमन लोकांची तऱ्हा वेगळी. थोरला प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, मोठा अधिकारी प्रार्थना करताना एक जण लेखी पाहून शब्द पुढे सांगे, दुसरा चूक होतेय का ते बघे, तिसरा लोकांना गप्प ठेवी आणि बासरीवाला वाजवत राही, म्हणजे दुसरा कुठला आवाज कानी पडायला नको. एका माणसाच्या प्रार्थनेमागे इतकी माणसं! मला हे फार आवडलं.

आता माझं सांगतो. आजी होती तोवर दिवेलागणीला रामरक्षा तिच्यासमोर व्हायची. ती वाती वळत असायची, मान खाली, पण एक अक्षर इकडचं तिकडे झालं की बोट वर. ती गेल्यावर अकरा वर्षं मी एकटाच म्हणतोय. मागच्या महिन्यात आत्या आली. ऐकता ऐकता म्हणाली, “थांब रे. डोळे, कान, नाक, तोंड झालं, अन् एकदम हातांवर कसा गेलास?” मधला श्लोकच गळला होता. जीभ आणि कंठ राखणारा श्लोक. कधीपासून, कोण जाणे. तिथे ओळीओळीला ‘पातु’ येतं. त्या ‘पातु’वरूनच लहानपणी पाठ झालं आणि त्याच ‘पातु’वरून जीभ पुढच्या श्लोकावर घसरली. त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त हे लागलं की इतकी वर्षं मला कुणी ऐकलंच नव्हतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. शब्द शोधावे लागतात तोवर मन शब्दांतच अडकतं. ते आपसूक यायला लागले की मन ज्योतीपाशी, देवापाशी बसू शकतं. पाठांतर असं जागा मोकळी करतं. फक्त ते राखायला दुसऱ्याचा कान लागतो. आपल्याकडचे परधान, म्हणजे गोंडांचे परंपरेने गायक, बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंड कुळांच्या कथा गातात, त्या त्या कुळांतल्या यजमानांपुढेच. कथा ज्यांची, तेच समोर बसलेले. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेल्या या शहरात राहून याचा मी कधी विचार केला नव्हता.

तुझ्या शेजारणीला विचार, ती चुकली तर कोण थांबवतं. नक्की लिही.

आणि रविवारी तुझ्या दुपारी फोन कर, तेव्हा इथे दिवेलागण असते. मी रामरक्षा म्हणेन. तुला लहानपणी येत होती, पोथी शोधून समोर ठेव. घाईत पुढे गेलो तर थांबव.

तुझा,
श्रीधर