वाजवायला माणूस

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पोहोचल्याचा फोन केला होता, पण बोलायचं ते बोललेच नाही. टाकी भरली का, गुडघ्याचं मलम आणलं का, एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबांचा चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय, मला माहीत आहे.

बाबा, त्या रात्री आमच्या बँडच्या कार्यक्रमाहून परत येताना रिक्षात तुम्ही एकच वाक्य बोललात. "वाजवायला एक माणूस नाही भेटला का गं तुम्हाला?" मी "सांगते नंतर" म्हणाले आणि बाहेर बघत बसले. नगर नाक्यापासून घरापर्यंत कोणीच काही बोललं नाही. ज्या माणसाने गावात वर्षानुवर्षं हरिपाठाला पखवाज धरला, त्याचा प्रश्न होता तो. रिक्षात उत्तर देण्यासारखा नव्हताच.

माणूस मिळाला होता, बाबा. पुण्यात ड्रम वाजवणारी पोरं भरपूर आहेत, दोघं तर आपणहून विचारायला आली होती. आम्ही मुद्दाम मशीन ठेवलं.

स्टेजवर टेबलावर होतं ना, तुमच्या जेवणाच्या डब्याएवढं, तेच ते ड्रम मशीन. खाली एका ओळीत सोळा बटणं. तुमच्या भाषेत सांगायचं तर सोळा मात्रा. पहिलं बटण सम. ज्या मात्रेवर ठोका हवा ते बटण एकदा दाबायचं, मग दिवा पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत पळतो आणि पुन्हा समेवर येतो. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, तो यात बरोबर दोनदा बसतो. मशीन घेतलं त्या रात्री मी सगळ्यात आधी तोच बसवून पाहिला. बसला, पण तो तुमचा नव्हता. तुमचा ठेका बुवांच्या तोंडाकडे बघत चालायचा. बुवांनी श्वास घेतला की तुम्ही पाव मात्रा थांबायचात, आणि ते कोणाला कळायचंही नाही.

मशीन कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. आम्हाला तेच हवं होतं.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ साली टीआर-६०६ नावाचं छोटंसं मशीन काढलं, बॅटरीवरही चालणारं. एकट्याने रियाज करणाऱ्याला साथ मिळावी, एवढाच त्याचा उद्देश. शिकागोत स्टीव्ह अल्बिनी नावाच्या तरुणाने तेच मशीन घेऊन 'बिग ब्लॅक' हा बँड उभा केला आणि रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांच्या नावांमध्ये 'रोलंड' असं मशीनचंही नाव छापलं. ड्रमर असावा तसं. गिटारी पत्रा कापल्यासारख्या वाजवायच्या आणि मागे हे डबडं न थकता ठोकत राहायचं. १९८७ साली त्यांनी बँड बंद केला. अल्बिनी पुढे नावाजलेला रेकॉर्डिंग करणारा झाला, २०२४ मध्ये ६१व्या वर्षी गेला. बातमी आली त्या दिवशी मी चाकणला सेकंड शिफ्टला होते. गेजवरचं माप दोनदा चुकलं माझं.

असल्या संगीताला इंडस्ट्रियल म्हणतात, म्हणजे कारखान्याचं. हे नाव १९७६ साली लंडनमध्ये एका बँडने स्वतः काढलेल्या रेकॉर्ड कंपनीवरून पडलं. बर्लिनमध्ये १९८० पासून एक बँड भंगारातले पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल मशीन घेऊन वाजवतोय. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. लोखंडाचं गाव, आपल्या वाळूजसारखं, फक्त फार जुनं. तिथल्या 'गॉडफ्लेश'मध्ये दोनच माणसं आणि एक ड्रम मशीन. १९८८ सालचा बँड. मी पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्टेलवर, रात्री, मैत्रिणीच्या हेडफोनवर. ती म्हणाली, किती भयंकर आहे गं हे. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ते का, हे कळायला बरेच दिवस लागले.

आई, आपली रांजणगाव शेणपुंजीची खोली आठवते ना? मागच्या भिंतीला लागून पलीकडे छोटं वर्कशॉप होतं. रात्रभर पत्रा ठोकायची प्रेस चालायची. धाड, मग हवा सुटल्याचा आवाज, मग पत्रा खाली पडल्याचा, पुन्हा धाड. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, म्हणून तू मधे फडकी घालायचीस. नवीन आलेल्या पाहुण्यांना झोप लागायची नाही. मी त्याच आवाजावर झोपले, आणि लाइट गेली, प्रेस थांबली, की जागी होऊन रडायचे. हे तूच मला सांगितलंस. त्या रात्रीही कार्यक्रमात तू म्हणालीस, "पोटात वाजत होतं बाई, खोलीवर वाजायचं तसं." तुला बरोबर कळलं होतं.

आता बाबा, तुम्ही विचारलं नाहीत ते.

तुम्ही चौथ्या गाण्याला उठून गेलात. आवाज सहन झाला नसेल असं मला तेव्हा वाटलं. आईने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की तुम्ही रात्रभर झोपला नाहीत, उजवा हात उशीखाली दाबून बसला होतात. मग माझ्या लक्षात आलं. त्या गाण्यातला ठोका प्रेसचा आहे आणि तुम्ही तो पहिल्या दोन स्ट्रोकमध्येच ओळखलात. गाणं तुमच्यावर आहे. मी तुम्हाला न विचारता लिहिलं, न सांगता तुमच्यासमोर गायले. चुकले मी. पाया पडून माफी मागते.

मी सातवीत होते. दोन बटणांची प्रेस. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच स्ट्रोक पडायचा. म्हणजे डाय, वरचा साचा, खाली येताना हात बाहेरच राहणार, अशी ती सोय. तुमच्या मशीनचं एक बटण लाकडाची खपली ठोकून कायमचं दाबून ठेवलं होतं, माल जास्त निघावा म्हणून. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा सारायचा. त्या पाळीला दोन बोटांची पेरं गेली. कंपनीच्या कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा असं आलं. खपलीचं कुठेच आलं नाही. ती खपली तुम्ही मला दवाखान्यात बोलून दाखवलीत, हळू आवाजात, जशी काही तुमचीच चूक होती. इतकी वर्षं ती माझ्या डोक्यात रुतून बसली आहे. "एक हात आत, एक हात बाहेर" ही गाण्याची ओळ तिथून आली. कंपनीचं नाव गाण्यात नाही, तुमचंही नाही.

म्हणून तिथे माणूस नको होता, बाबा. ड्रमर बसवला असता तर माझा आवाज कापला की तो हळू झाला असता. मी ओळ विसरले तर त्याने एक आवर्तन जास्त वाजवून मला सांभाळून घेतलं असतं. चांगला वाजवणारा तेच करतो, तुम्ही आयुष्यभर तेच केलंत. पण त्या पाळीला तुम्हाला कोणी सांभाळून घेतलं नव्हतं. ते गाणं गाताना मलाही कोणी सांभाळून घेऊ नये असं मला वाटतं. दम लागतो, मधेच आवाज फाटतो, मशीन पुढे निघून जातं. जाऊ दे.

आणि तुम्ही उठून गेल्यावर पुढे काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. शेवटच्या कडव्याच्या मधोमध मी हात टाकून मशीन बंद करते. बटण माझ्याच हाताशी असतं. एकदम शांत होतं सगळं, लाइट गेल्यावर व्हायचं तसं. मग आम्ही तिघं नुसत्या टाळ्यांवर उरलेलं कडवं म्हणतो. ठेका कुठला, तर आठ मात्रांचा, तुमचाच. त्या रात्री मागच्या रांगांतली बजाजनगरची पोरं आमच्याबरोबर टाळ्या धरत होती. तुम्ही तेव्हा बाहेर पानटपरीपाशी उभे होतात. एवढं तरी तुमच्या कानावर पडायला हवं होतं.

आमचा गिटारवाला जालन्याचा आहे. त्याचे वडील स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर होते. त्याला मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. त्यानेच मला बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली, ती तुमच्यासाठी मी जपून ठेवली होती. सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, रिकाम्या वेळी गिटार वाजवणारा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी गिटार सोड म्हणून सांगितलं. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. हा जँगो आगीत डाव्या हाताची दोन बोटं अधू झाली तरी गिटार वाजवणारा. मग या पोराने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारांवर बोटं दुखायची म्हणून बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला त्यावर 'ब्लॅक सॅबथ' हा बँड उभा राहिला, आणि जगभरातली हेवी मेटल संगीत वाजवणारी पोरं आजही तोच आवाज शोधत असतात. बोटं असती तर तो आवाज कदाचित निघालाच नसता.

तुमचा पखवाज खोळीत घालून तुम्ही खुंटीला टांगलात, त्याला एकवीस वर्षं झाली. हरिपाठाला टाळ घेता. कोणी आग्रह केला तर "शाईवर आता बोट बसत नाही" म्हणता. मी कधी तुमच्याशी यावर वाद घातला नाही, घालणारही नाही. पण लहानपणी आई पोळ्या करायला बसली की तुम्ही परातीतून मूठभर कणीक मागायचात, ती ओली करून डाव्या पुडीवर थापायचात, आणि पहिली थाप पडली की चुलीपाशी बसलेल्या माझ्या छातीत घुमायचं. आई म्हणायची, पोरीला पोळीपुरती तरी ठेवा. तो डावा हात तर शाबूत आहे ना, बाबा?

मला तुमची डावी थाप रेकॉर्ड करून घ्यायची आहे. उजव्या हाताने जे जमेल ते, जमेल तसं. बोट घसरलं तर घसरू दे. ते साफ करून, सरळ करून मी बसवणार नाही. मशीन बंद केल्यावर टाळ्या सुरू व्हायच्या आधी जी शांतता आहे ना, तिथे मला ती हवी आहे. नको वाटलं तर स्पष्ट नको म्हणा. गाणंच म्हणू नको म्हणालात तर तेही ऐकेन. ते तुमचं आहे, मला आधीच विचारायला हवं होतं.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी घरी असेन. रेकॉर्डर छोटा आहे, खिशात मावतो. पखवाजाच्या वाद्या सैल झाल्या असतील, कडकलेल्याही असतील. पैठणच्या काकांना विचारून ठेवा, त्यांच्या ओळखीचा कोणी ओढून देतो का. आणि आई, रविवारी कणीक मूठभर जास्त मळ.

तुमची,
छोटी