खेळाडूंवर आजन्म बंदी, मग माहीत असून गप्प बसलेल्या पदाधिकाऱ्यांचं काय?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत पास झाला तेव्हा त्याचं बरंच कौतुक झालं, त्यात चांगल्या गोष्टी आहेतही, पण एक गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. विधेयक जुलैमध्ये आलं तेव्हा मान्यता मिळालेल्या सगळ्याच क्रीडा संघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या, मग मध्येच दुरुस्ती झाली आणि ते फक्त सरकारकडून पैसे किंवा मदत घेणाऱ्या संघटनांपुरतं उरलं. बीसीसीआय अनुदान घेत नाही, त्यामुळे ती यातून सुटली. कोणी म्हणेल बोर्डाच्या फायली बघून सामान्य माणसाला काय करायचंय, मॅच बघा आणि घरी जा. मला करायचंय, कारण २०१३ साली आयपीएलमध्ये जे झालं ते मी विसरलेलो नाही आणि त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आजपर्यंत मिळालेलं नाही.

आज मैदानावर येणारी पोरं तेव्हा खूप लहान होती म्हणून थोडक्यात सांगतो. १५ मे २०१३ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान रॉयल्स मॅच झाली आणि त्याच रात्री उशिरा दिल्ली पोलिसांनी मुंबईत राजस्थानच्या तिघांना उचललं, श्रीशांत, अजित चंडिला आणि आपल्या मुंबईकडून खेळणारा अंकित चव्हाण. पोलिसांचं म्हणणं असं की कुठल्या ओव्हरमध्ये किती रन द्यायचे ते आधी ठरायचं आणि बुकींना कळावं म्हणून बोलरनी मैदानावर खूण करायची. मोहालीच्या मॅचमध्ये श्रीशांतची खूण म्हणजे पँटमध्ये खोचलेला छोटा टॉवेल, आणि बुकींना पैसे लावायला वेळ मिळावा म्हणून त्यानं ओव्हर टाकायच्या आधी वॉर्म-अप करत वेळ काढला हा आरोप. ती टॉवेलची क्लिप तेव्हा टीव्हीवर किती वेळा दाखवली असेल त्याला गणती नाही.

बोर्डानं काय केलं, तर तिघांना लगेच सस्पेंड केलं आणि १३ सप्टेंबरला, म्हणजे चार महिन्यांच्या आत, श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी घातली. सिद्धार्थ त्रिवेदीवर तर फिक्सिंगचा आरोपही नव्हता, बुकींनी संपर्क केला आणि त्यानं ते वरती कळवलं नाही एवढाच ठपका, तरी त्याला एक वर्ष घरी बसवलं. माझी या कडक शिक्षेबद्दल तक्रार नाही, माहिती असून न कळवणं हाही गुन्हाच धरला पाहिजे. फक्त एवढं लक्षात ठेवा की कळवलं नाही म्हणून खेळाडूला एक वर्ष, कारण माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे.

आता वरच्या लोकांकडे बघू. २४ मे ला मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यप्पनला बेटिंगच्या प्रकरणात अटक केली. हे बोर्डाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई, आणि चेन्नई सुपर किंग्ज ही टीम श्रीनिवासन यांच्याच इंडिया सिमेंट्सची. लिलावाच्या टेबलावर बसणारा, टीमबरोबर सगळीकडे दिसणारा माणूस, पण अटक झाल्याबरोबर कंपनीनं पत्रक काढलं की हे मालक नाहीत, सीईओ नाहीत, टीम प्रिन्सिपलही नाहीत, मॅनेजमेंटमधले फक्त एक मानद सदस्य आहेत. असे हात झटकले. मुळात बोर्डाच्या पदाधिकाऱ्यानं आयपीएलची टीम बाळगायची सोय झाली ती बोर्डानं आपलाच नियम बदलून घेतला म्हणून, ६.२.४ हे त्या कलमाचं नाव, म्हणजे टीमवर नजर ठेवणारा आणि टीमचा मालक एकच माणूस. कुंपणच शेत खातं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

मग बोर्डानं स्वतःच चौकशी लावली. चौकशी समितीत सचिव संजय जगदाळे होते, त्यांनी आणि बोर्डाचे खजिनदार, आपल्या पुण्याचे अजय शिर्के यांनी ३१ मे ला पदांचे राजीनामे दिले, उरले दोन निवृत्त न्यायाधीश, आणि २८ जुलैला त्यांचा रिपोर्ट आला की मय्यप्पन आणि राजस्थान रॉयल्सचे सहमालक राज कुंद्रा यांच्याविरुद्ध काही सापडलं नाही. दोनच दिवसांनी, ३० जुलैला, मुंबई उच्च न्यायालयानं ती समितीच बेकायदेशीर ठरवली. श्रीनिवासन यांनी २ जूनला राजीनामा न देता फक्त बाजूला होणं पसंत केलं होतं आणि सप्टेंबरच्या शेवटी ते पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले. तारखा बघा, त्याच महिन्यात खेळाडूंवर आजन्म बंदी आणि त्याच महिन्यात अध्यक्षांना आणखी एक टर्म. बोर्डातल्या किती लोकांनी तेव्हा उभं राहून विरोध केला हे ज्यांनी त्यांनी आठवून बघावं.

पुढे सुप्रीम कोर्टानं न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली. या समितीनं आरोप असलेल्या लोकांची काही नावं सीलबंद पाकिटात कोर्टाला दिली, एकूण तेरा, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यातली काही बिगरखेळाडूंची नावं कोर्टानं उघड केली. अंतिम रिपोर्टमध्ये श्रीनिवासन यांच्याबद्दल काय लिहिलंय ते पूर्ण सांगतो, अर्धवट सांगणं बरोबर नाही. ते मॅच फिक्सिंगमध्ये नव्हते असं लिहिलंय, त्यांनी चौकशीत अडथळा आणला असंही आढळलं नाही असं लिहिलंय. पण त्याच्याच पुढे लिहिलंय की एका खेळाडूनं आचारसंहितेचा भंग केला हे त्यांना आणि बोर्डाच्या आणखी चार पदाधिकाऱ्यांना माहीत होतं आणि तरीही काहीच कारवाई झाली नाही. त्या खेळाडूचं नाव नाही, रिपोर्टमध्ये तो फक्त एक नंबर आहे.

हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला आणि अजूनही येतो. त्रिवेदीला बुकी भेटतायत हे माहीत होतं, तो गप्प बसला, त्याचं एक वर्ष गेलं. इथे पाच मोठ्या माणसांना माहीत होतं, त्यातले एक तर अध्यक्ष, आणि नियम राबवायचं कामच त्यांचं होतं, ते गप्प बसले तर त्या गप्प बसण्याबद्दल त्यांना एक दिवसाची सुद्धा शिक्षा झाल्याचं आपण कोणी ऐकलेलं नाही. श्रीनिवासन यांना पुढे बोर्ड सोडावं लागलं हे मान्य आहे पण ते २२ जानेवारी २०१५ च्या निकालात कोर्टानं ते ६.२.४ कलम रद्द केलं आणि टीमशी व्यावसायिक संबंध आहे तोवर निवडणूक लढवता येणार नाही असं सांगितलं म्हणून, आणि तोपर्यंत ते आयसीसीचे चेअरमनही झाले होते. सुप्रीम कोर्टानंच नेमलेल्या लोढा समितीनं जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थानच्या मालक कंपन्यांना दोन वर्षं सस्पेंड केलं, मय्यप्पन आणि कुंद्रा यांच्यावर क्रिकेटमधून आजन्म बंदी घातली, तेही चांगलंच झालं. पण ते चार पदाधिकारी कोण? त्यांचं पुढे काय झालं? यावर कोणी ताकास तूर लागू देत नाही.

इकडे खेळाडूंचं काय झालं तर जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टानं तिघांनाही पुराव्याअभावी आरोपमुक्त केलं, तरी बोर्डाची बंदी चालूच राहिली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं श्रीशांतची आजन्म शिक्षा रद्द करून पुन्हा विचार करायला सांगितलं तेव्हा ती सात वर्षांवर आली, आणि चव्हाणला परत खेळायची परवानगी मिळाली २०२१ मध्ये. स्पिनरची ऐन उमेदीची वर्षं संपली त्यात. त्यांनी काही केलंच नसेल असं मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्टानंही श्रीशांतला शिस्तभंगाच्या बाबतीत निर्दोष म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हणतोय की खालच्या माणसाला लावलेली फूटपट्टी वरच्यालाही लावा.

मी स्वतः बरीच वर्षं मुंबईत क्लब क्रिकेटला अंपायरिंग करतो. आमच्याकडे एखाद्या पोरानं शिवी दिली किंवा आउट दिल्यावर स्टंपला बॅट मारली की मॅच संपल्यावर आम्ही रिपोर्ट लिहितो, दोन्ही अंपायरच्या सह्या, स्कोअररला विचारून ओव्हर कितवी होती ते सुद्धा लिहायचं, आणि तो रिपोर्ट वरती गेला की पोराला उत्तर द्यावं लागतं. मी तो रिपोर्ट खिशात ठेवून दिला, दिलाच नाही, तर उद्या मला अंपायरिंग मिळणार नाही आणि मिळूही नये. मैदानावरच्या साध्या अंपायरला जे लागू आहे ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत बोर्डाच्या पदाधिकाऱ्याला का नको?

खेळाडूंच्या बाबतीत बोर्ड किती फास्ट हलतं ते २०१९ मध्ये पण दिसलं. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्ही शोमध्ये बायकांबद्दल नको ते बोलले, काही दिवसांत दोघं ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून घरी, नंतर प्रत्येकी २० लाखांचा दंड. योग्यच केलं. पण प्रकरण लीगच्या प्रतिमेवर येतं तेव्हा माहिती कोणाच्या ताब्यात राहते ते पण बघा. २००८ च्या पहिल्याच सीझनमध्ये हरभजननं मोहालीला श्रीशांतच्या थोबाडीत मारली, मॅच रेफ्री फारुख इंजिनीअर यांनी ११ मॅचची बंदी घातली, आणि त्या प्रसंगाचा व्हिडिओ लोकांना दिसला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, तोही तेव्हा आयपीएलचे प्रमुख असलेल्या ललित मोदींनी स्वतःहून एका मुलाखतीत दाखवला म्हणून! सतरा वर्षं तो पुरावा एका माणसाच्या मर्जीवर पडून होता. मोदींवरही पुढे आजन्म बंदी आली, पण ती आर्थिक व्यवहारांवरून.

बाहेर सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही. अमेरिकेत एनएफएल या तिथल्या फुटबॉल लीगमध्ये २०१४ साली रे राईस या खेळाडूनं आपल्या होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारलं, कमिशनर रॉजर गुडेल यांनी आधी फक्त दोन मॅचची बंदी घातली आणि लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आल्यावर ती बेमुदत केली. लोक गुडेल यांच्यावर तुटून पडले, शेवटी लीगला एफबीआयचे माजी प्रमुख रॉबर्ट म्युलर यांच्याकडून चौकशी करून घ्यावी लागली. गुडेल यांची खुर्ची वाचली, ते मलाही पटलेलं नाही. पण जानेवारी २०१५ मध्ये तो रिपोर्ट जाहीर झाला आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की लीगकडे जी माहिती आली होती तिच्यावरून अजून खोलात जाऊन तपास करायला हवा होता. म्हणजे खेळाडूनं काय केलं याच्या पलीकडे जाऊन लीगनं काय केलं नाही हे लोकांना नावानिशी वाचायला मिळालं. आपल्याकडे तेवढंही नाही.

केंद्रीय माहिती आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं होतं की बीसीसीआय माहिती अधिकाराखाली येते, त्याच वर्षी विधी आयोगानंही तीच शिफारस केली, त्याआधी लोढा समितीनंही. तिघांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सांगितली आणि २०२५ चा कायदा करताना नेमकी तीच वगळली गेली. देशाचं नाव लावून टीम उतरवायची, सरकारी पोलीस बंदोबस्तात मॅच भरवायच्या आणि हिशेब विचारला की आम्ही खासगी, हे किती दिवस चालणार? बोर्डाच्या घटनेत आता लोकपाल आहे, एथिक्स ऑफिसर आहे, पण त्यांना नेमणार बोर्डच.

संपादक महोदय, तुमच्या क्रीडा प्रतिनिधींना माझी एक कळकळीची विनंती आहे. ऑगस्ट २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे आपल्या एका राज्यात बीसीसीआयची तीन मतं आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. या तिन्ही संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना पुढच्या वार्षिक सभेच्या आधी गाठा आणि विचारा, की मुद्गल रिपोर्टमधले ते चार पदाधिकारी कोण होते हे जाहीर करा असा ठराव तुम्ही मांडणार का, आणि खेळाडूच्या गैरवर्तनाची माहिती मिळाल्यावर ती अमुक दिवसांत पुढे न पाठवणाऱ्या पदाधिकाऱ्याला खेळाडूइतकीच शिक्षा असा नियम घटनेत घालायला तुमचं मत देणार का. हो म्हणाले तर हो छापा, नाही म्हणाले तर नाही छापा, आणि उत्तर दिलं नाही तर तेही त्यांच्या नावासकट छापा.

आपला,
एक क्लब अंपायर, दादर, मुंबई