दोऱ्यांच्या काउंटरवरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

दादर पश्चिमेला संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत, मागे चार जणी ताटकळत उभ्या असतानाही, ‘गुलाबी दाखवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकीला तुम्ही आधी एकच प्रश्न विचारता: ‘टाका कुठला?’ त्या प्रश्नासाठी आणि काउंटरच्या खिळ्याला टांगलेल्या त्या नमुनापट्टीसाठी हे पत्र. आमच्यासारख्या भरतकाम करणाऱ्या आणखी कितीतरी जणींच्या उपयोगी पडेल, म्हणून ते उघड लिहीत आहोत.

पट्टी साधीच आहे. पांढऱ्या केसमेंट कापडावर प्रत्येक ओळीत एकाच नंबरचा, म्हणजे एकाच छटेचा दोरा पाच प्रकारे भरलेला: सॅटिन (लागून लागून घातलेले सरळ टाके), लाँग अँड शॉर्ट (आलटून-पालटून लांब-आखूड टाके), साखळी, काजेटाका आणि फ्रेंच नॉट (सुईवर वेढा घेऊन घातलेली गाठ). पाहणारीला वाटतं की हे पाच रंग आहेत. सॅटिनमध्ये दोरे एकमेकांना लागून सपाट पडतात, त्यामुळे उजेड परततो आणि रंग उजळ दिसतो. फ्रेंच नॉटमध्ये गाठीगाठींच्या मधे सावली साठते, म्हणून तोच दोरा एक छटा गडद वाटतो. साखळी या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. म्हणून आधी टाका ठरवायचा आणि मग लडीचा नंबर. फुलाचा मध्य गाठींनी भरायचा असेल तर मनातल्या पिवळ्यापेक्षा एक छटा फिका पिवळा घ्यायचा, हे तुम्ही सांगितल्यापासून आमच्या सदाफुल्यांचे डोळे मातकट होत नाहीत.

सदाफुलीवरून दुसरी गोष्ट. तिच्या पाच पाकळ्यांना तीन छटा लागतातच असं नाही. प्रत्येक पाकळीत सॅटिनचे टाके मध्याकडे वळवले की पाचही पाकळ्यांवर उजेड वेगळा पडतो आणि एकाच लडीत फिकं-गडद आपोआप येतं. लहान फुलाला टाक्याची दिशा हीच छटा. हे कळलं नाही की माणूस उगाच सहा लड्या विकत घेतो. त्या विकण्याचा मोह तुम्हाला कधी झाला नाही, याचे आभार वेगळे.

जास्वंदीला मात्र छटा लागतातच. पाकळी मोठी, आणि सॅटिनचा टाका एक सेंटिमीटरच्या पुढे गेला की सैल पडतो, बांगडीत अडकतो. तिथे लाँग अँड शॉर्ट, तोही लडीच्या सहापैकी एकाच पदराने. आधी पेन्सिलीने पाकळीवर मध्याकडे जाणाऱ्या चार-पाच रेषा आखायच्या, कडेला बारीक स्प्लिट स्टिच (मागच्या टाक्याचा दोरा दुभागत जाणारा टाका) घालायचा आणि भरताना टाका त्या कडेच्या बाहेरून उतरवायचा, म्हणजे काठ दातेरी होत नाही. दुसरी ओळ पहिल्या ओळीच्या टाक्यांमधूनच वर काढायची. आम्हा बहुतेकींचं चुकतं ते इथे: टाके फार आखूड घेतले जातात आणि पाकळीवर विटांची भिंत उभी राहते. लाल कसे निवडावेत याबद्दल तुमचं मत ठाम आहे आणि आम्हाला ते शंभर टक्के पटतं. गडद बाजूला काळा नको, मरून हवा. उजळ बाजूला गुलाबी नको, शेंदरी छटेचा लाल हवा, कारण गुलाबी घातला की जास्वंद मऊ पडून गुलाबाकडे झुकते. मधला दांडा साखळीने, त्याच्या वरच्या भागात पिवळ्या गाठी, आणि अगदी टोकाला पाच बारीक लाल गाठी. या पाच गाठी विसरल्या की फूल अर्धवट वाटतं आणि का ते कळत नाही.

पांढऱ्या फुलांनी सगळ्यांनाच रडवलेलं असतं. पांढऱ्या कापडावर शुभ्र मोगरा भरला की तो दिसतच नाही, आणि मग घाबरून काळ्या किंवा करड्या दोऱ्याने बाह्यरेषा काढली जाते. तुम्ही सुचवलेला उपाय असा: पाकळीच्या बुडाशी फिकट पोपटी, मधे मोतिया, आणि शुभ्र फक्त टोकाला, तिन्ही एकेका पदराने. प्राजक्ताला याची गरज नाही, त्याचा केशरी मध्यच पांढऱ्याला उठाव देतो. त्याच्या पाकळ्या पाच ते आठ कितीही असतात, पण भिंगरीसारख्या एकाच बाजूला वळलेल्या. सरळ लेझी डेझी, म्हणजे साखळीच्या सुट्या कडीची पाकळी, घातली तर तो प्राजक्त राहत नाही. अबोलीचंही तसंच. तिच्या पाकळ्या गोल फिरत नाहीत, पंख्यासारख्या एकाच अंगाला पसरतात, म्हणून काजेटाका पंख्यासारखा उघडत न्यायचा.

तामण तर आपल्या राज्याचं फूल. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या रस्त्यांवर जांभळं होऊन उभं असतं, तरी भरतकामात फारसं दिसत नाही. पाकळ्या सहा, बुडाशी देठासारख्या अरुंद, कडा चुरगळलेल्या. ‘सपाट भरू नका, काजेटाका सैल घ्या, कड आपोआप चुरगळेल,’ हे तुमचं वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. मधले पिवळे केसर एकपदरी आखूड टाके, टोकाला एका वेढ्याची गाठ. गाठ मोठी हवी असेल तर वेढे वाढवायचे नाहीत, पदर वाढवायचे. दोनपेक्षा जास्त वेढे झाले की गाठ लोळते.

लडी पारखायची तुमची रीतही इथे नोंदवतो. ट्यूबलाइटखाली कधीच ठरवू नका, दारात उजेडाला या. अख्खी लडी कापडावर ठेवू नका, दाटीमुळे ती गडद वाटते. जितक्या पदरांनी भरणार तितकेच पदर कापडावर पसरून बघा. हिरवा निवडताना हात ताज्या पोपटीकडेच जातो, आणि पानं प्लास्टिकची दिसतात. एक पिवळसर मेंदी हिरवा आणि एक निळसर हिरवा, एवढे दोन पुरतात.

आता हिशेब. आठ मीटरची लडी, सहा पदर, म्हणजे एकपदरी कामाला अठ्ठेचाळीस मीटर. हातभर, साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचे तुकडे केले तर शंभर सुया ओवून होतात. पण सहापदरी विणलेल्या गुलाबाला, म्हणजे मध्यातून निघणाऱ्या सरळ टाक्यांच्या आऱ्यांवर दोरा वर-खाली विणून केलेल्या फुलाला, हीच लडी बघता बघता संपते. त्या गुलाबाचे आरे नेहमी विषम, पाच, नाहीतर वर-खाली विणताना दोरा चुकतो. मधे गडद, बाहेर फिका, आणि सुई नेढ्याकडून सरकवायची, म्हणजे आऱ्यांचे पदर फाटत नाहीत. पदर सुटे करताना एकेक उपसायचा आणि मग पुन्हा जुळवायचे. थेट तीन ओढले की पीळ राहतो आणि दोरा कापड नीट झाकत नाही. बुलियनसाठी, म्हणजे सुईवर बरेच वेढे घेऊन घातलेल्या लांबट गाठीसाठी, तुम्ही वेगळी, नेढ्याशी न फुगणारी सुई हातात ठेवलीत, तेव्हाच वेढ्यांमध्ये सुई अडकणं थांबलं.

पावसाळ्याची तुमची ताकीद वेगळीच. मुंबईच्या दमट हवेत सुई कापडात टोचून ठेवायची नाही, दोन दिवसांत गंजाचा ठिपका उमटतो आणि तो धुऊन जात नाही. कापड ताणून धरणारी रिंगही रोज काढायची, तिच्या स्क्रूला गंज चढतो आणि कापडावर वळ राहतो. लाल, मरून, गडद निळा आधी ओल्या पांढऱ्या कापसाने पुसून बघायचा. तरीही धुताना रंग सुटलाच तर कापड वाळू द्यायचं नाही, पाणी स्वच्छ निघेपर्यंत गार पाण्यात खंगाळत राहायचं. एकदा वाळला की डाग बसला.

काकू, तुमच्या पट्टीवरची पिवळ्याची ओळ आता हात लागून लागून मळली आहे. सॅटिनचा तुकडा तर पिंजारलाच आहे. केसमेंटची नवी पट्टी, आधी धुऊन आटवलेली, आम्ही घेऊन येतो आणि पाचही टाके आम्हीच भरून देतो. पिवळ्याचे नंबर तेवढे तुम्ही काढून ठेवा, सोनचाफ्याचा धरून.

तुमच्या,
गुरुवारी संध्याकाळी येणाऱ्या आम्ही सगळ्या